खटका पडतो काऊन?

"गेली! पुन्हा गेली!"

बैठकीतून गुलाबमामांची आरोळी आली, तशी कापसाच्या खोलीतली चारही पोरं चिडीचूप झाली. हर्षल कमरेपर्यंत कापसात रुतला होता. त्याची धाकटी बहीण काजल खिडकीच्या कठड्यावर उडीच्या तयारीत उभी होती. शेजारच्या गफ्फारचाचांची महनूर आणि तिचा छोटा भाऊ शाकिर ढिगाच्या पलीकडे पालथे पडले होते.

"पळा बे! मामा इकडं यायच्या आत!" हर्षल कुजबुजला.

एकमेकांच्या केसांतला कापूस वेचत चौघं बाहेर आली आणि काहीच न घडल्यासारखी बैठकीत जाऊन उभी राहिली. मामा स्टुलावर चढून भिंतीवरच्या बोर्डाशी झटत होते.

"मॅच रंगात आली की हा एमसीबी पडलाच समजा!" त्यांनी काळा खटका वर केला. पंखा फिरायला लागला, टीव्ही सुरू झाला.

"गावाची लाइट गेली होती का, मामा?" काजलने साळसूदपणे विचारलं.

"कशाची गावाची! गफ्फारभाईच्या घरात पंखा चालूच होता. फक्त आपलीच जाते!"

हर्षल आणि काजल दिवाळीच्या सुट्टीसाठी मलकापूरहून उंद्रीला मामाकडे आली होती. मळा, विहीर, गोठा अशा मजेच्या जागा पुष्कळ होत्या, पण कापसाच्या खोलीपुढे सगळं फिकं! मऊमऊ पांढरा डोंगरच तो! त्यात उडी मारायला मात्र सक्त मनाई होती. त्याला कारणही तसंच होतं. बीटीचं बियाणं आहे, आता बोंडअळीची चिंता नाही, असं म्हणत सगळ्यांनी कपाशी लावली होती. पण त्या वर्षी गुलाबी अळीने बोंडंच्या बोंडं आतून पोखरली. सुरुवातीच्या वेचण्यांत जो स्वच्छ कापूस हाती लागला, तोच काय तो खरा. गफ्फारचाचांच्या घराचे पत्रे गळत, म्हणून त्यांचाही कापूस इथेच ठेवला होता. सरकारी खरेदी सुरू होईपर्यंत दोन्ही घरांचं वर्ष त्या एका खोलीत होतं!

"कापसात कोणी उडी मारलेली दिसली," मामांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "की दुसऱ्या दिवशीच्या एसटीत बसवून मलकापूरला धाडून देईन!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी भलतीच युक्ती काढली. खटका वर केला आणि त्याला सुतळी बांधून ती खिळ्याला ताणून अडकवली.

"घ्या! आता पडून दाखव म्हणा!"

थोड्याच वेळात, पोरं कापसाच्या खोलीत एक चक्कर मारून येईस्तोवर, पुन्हा लाइट गेली. सुतळी जशीच्या तशी, खटकाही वरच, आणि घरात अंधार! शाकिरला हसू आवरेना.

"चाचा, त्याला बांधून काही होत नाही," महनूर मामांना म्हणाली. ती आठवीत होती आणि शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तिने घरातल्या विजेचाच प्रयोग मांडला होता. "दांडी वर धरून ठेवली तरी तो आतल्या आत सुटतो. मुद्दामच तसा बनवलेला असतो."

"मग तो एमसीबीच बोगस आहे!" मामांनी वैतागून सुतळी काढून फेकली आणि खटका पुन्हा वर केला. "आमच्या जुन्या फ्यूजमध्ये मी जाड तार टाकली होती. मेनमध्ये अजूनही तीच आहे. कधी गेली का लाइट? आता मळ्यात जातो. आलो की हा एमसीबी टाळून तार डायरेक्ट जोडतो. कटकटच नको!"

"डायरेक्ट नका करू, चाचा!" महनूर घाबरून म्हणाली.

"पोरी, तू अभ्यास कर तुझा," असं म्हणत मामांनी मोटारसायकलला किक मारली.

महनूरचा चेहरा उतरलेला पाहून हर्षलने विचारलं, "एवढं काय झालं बे? लाइट जाणार नाही, चांगलंच आहे ना!"

"अरे, तो खटका पडतो काऊन, ते तर समजून घे!" महनूर ओट्यावर बसली. "एक तर तारेला झेपणार नाही इतकं सामान आपण लावतो. तार तापते आणि तो जरा वेळाने पडतो. नाहीतर दोन तारा एकमेकींना चिकटतात. मग तो लगेच पडतो. तो आपल्याला सांगून राह्यला की कुठंतरी गडबड आहे. आणि चाचा त्याचंच तोंड बंद करायला निघालेत!"

"म्हणजे राखणदाराला घरी पाठवून द्यायचं आणि दार उघडं टाकून झोपायचं," काजल म्हणाली.

"हाव! तसंच!"

"मग मामा यायच्या आत गडबड आपणच शोधू!" हर्षल उठलाच.

कोकिळामामी स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या. पोरांनी विचारल्यावर त्या म्हणाल्या, "शोधा बाबा! पण बोर्डाच्या आत हात घालाल तर याद राखा!"

"आत हात नाही लावणार, मामी. फक्त पिना काढू आणि बटणं दाबू," महनूरने कबूल केलं.

त्यांनी घरातली सगळी बटणं बंद केली. पाण्याचा रॉड, इस्त्री, मिक्सर, टीव्ही, सगळ्यांच्या पिना काढल्या. मग काजल एकेक वस्तू सुरू करत गेली. टीव्ही! काही नाही. मिक्सर! काही नाही. बादलीत पाण्याचा रॉड! तरी काही नाही. रॉडबरोबर इस्त्रीही लावली, तेव्हा मात्र बऱ्याच वेळाने खटका पडला.

"सापडलं!" हर्षल ओरडला.

"नाही ना!" महनूरने मान हलवली. "हे जास्त सामानाचं झालं. दोन्ही एकदम लावायची नाहीत, हे तर पक्कंच. पण काल रॉडही नव्हता आणि इस्त्रीही नव्हती. नुसती मॅच चालू होती. आणि खटका पडला तो एकदम!"

पुन्हा सगळं बंद केलं. फक्त पंखा ठेवला. चौघं बोर्डाकडे टक लावून बसली. पंखा आपला फिरतोय, फिरतोय... शाकिरला कंटाळा आला. तो हळूच उठला आणि मागच्या दाराने सटकला.

धप्प! खट्!

पंखा बंद पडला!

"शाकिर!" महनूर कापसाच्या खोलीकडे धावली. "काय केलंस तू?"

"अम्मी कसम, मी काहीच नाही केलं!" कापसातून डोकं वर काढत शाकिर म्हणाला. "नुसती उडी मारली!"

तिघं एकमेकांकडे बघतच राहिली.

"म्हणजे..." काजलचे डोळे विस्फारले. "मामांची लाइट आपणच घालवत होतो?"

हर्षलने खटका वर केला. "शाकिर, पुन्हा मार उडी. दाराजवळ!"

धप्प! पंखा चालूच.

"आता खिडकीच्या कोपऱ्यात!"

धप्प! खट्!

महनूरने पटकन शाकिरला ओढून बाहेर काढलं. "बस झालं! आता कोणीच आत जायचं नाही! त्या कोपऱ्यात खाली तार असणार!"

"पण कापसाखाली तार येईल कुठून?" हर्षलने विचारलं.

काजल उत्तर द्यायला थांबलीच नाही. ती घराला वळसा घालून मागच्या गोठ्यात गेली आणि तिथूनच ओरडली, "इकडं या! हे बघा!"

गोठ्यात एक बल्ब लोंबत होता. त्याची बारीक तार भिंतीवरून खाली उतरून जमिनीलगतच्या एका भोकातून थेट कापसाच्या खोलीत शिरली होती!

"पावसाळ्यात गाय व्याली होती, तेव्हा मामांनी हा बल्ब लावला होता," मामी मागून म्हणाल्या. "खोली तेव्हा रिकामीच होती."

"आणि नंतर त्याच तारेवर सगळा कापूस ओतला!" महनूरने कपाळावर हात मारला. "मामी, चाचांनी डायरेक्ट केलं आणि त्या तारा चिकटल्या, तर खटका पडणारच नाही. ठिणगी उडत राहील. कापसात!"

मामींचा चेहरा पांढरा पडला. "जा रे पोरांनो! मळ्यातून मामांना घेऊन या!"

चौघं पळत सुटली. वाटेत हर्षल अडखळला. "पण आपल्याला कसं कळलं, असं मामांनी विचारलं तर? उड्यांचं सांगावं लागेल!"

"मग सांगू," काजल म्हणाली.

"एसटीत बसवतील!"

"बसवू दे!"

मळ्यात मामा नव्हतेच! वेचणाऱ्या बायांनी सांगितलं, "ते गेले की! गफ्फारभाई आणि ते गाठोडी घेऊन रस्त्यानं गेले. तुम्ही बांधावरून आले न?"

पोरं तशीच मागे फिरली. छाती फुटेस्तोवर धावली. अंगणात पोचली तर मामी विहिरीवरून पाण्याची घागर घेऊन नुकत्याच येत होत्या, आणि मामा बैठकीच्या दारात हात झटकत हसत उभे होते. त्यांच्या मागे बोर्डावर एमसीबीला वळसा घालून जोडलेली लाल तार दिसत होती.

"झालं डायरेक्ट! आता खुशाल मॅच बघा!"

तेवढ्यात कापसाच्या खोलीतून गफ्फारचाचांचा आवाज आला, "गुलाबराव, हे गाठोडं खिडकीकडं टाकतो!"

धप्प!

बैठकीतला पंखा गुरगुरला. बल्ब पिवळा होऊन मिणमिणला. पण बंद काहीच झालं नाही!

"अब्बा, टाकू नका!" महनूर किंचाळली. "काजल, मेन!"

काजल एका उडीत स्टुलावर चढली आणि लोखंडी पेटीचा दांडा तिने दोन्ही हातांनी खाली ओढला. खाट्! सगळं घर शांत झालं.

"ही काय मस्करी आहे?" मामा गरजले. "आत्ताच तर मी..."

"मामा, वास!" हर्षलने त्यांचा हात धरला. "वास घ्या ना!"

मामा थबकले. केस जळल्यासारखा, रबर जळल्यासारखा वास येत होता. खिडकीच्या कोपऱ्यातल्या पांढऱ्या ढिगातून धुराची बारीक रेघ वर येत होती.

"या अल्ला!" गफ्फारचाचा म्हणाले.

मामांनी घागरीवर झडप घातली. "पाणी! पाणी ओता!"

"थांबा, चाचा! वरून ओतलं तर सगळा कापूस भिजेल आणि आतली आग तशीच राहील!" महनूर ओरडली. "आधी तो कोपराच बाहेर काढा! पाणी अंगणात ओता!"

मामा क्षणभर तिच्याकडे पाहत राहिले. मग घागर ठेवून त्यांनी दोन्ही हात ढिगात घातले. गफ्फारचाचा गोणपाट घेऊन आले. दोघं कवेत कापूस भरभरून बाहेर फेकायला लागले. हर्षल आणि शाकिर तो ओढत अंगणाच्या मधोमध नेत होते, मामी आणि काजल त्यावर पाणी ओतत होत्या. खाली जाता जाता कापूस पिवळा लागला, मग तपकिरी, मग एक काळाकुट्ट गोळा! त्याच्या पोटात ठिणग्या लाल डोळ्यांसारख्या लुकलुकत होत्या. गफ्फारचाचांनी तो गोणपाटात गुंडाळला आणि धावत बाहेर नेऊन टाकला. सुंऽऽ करून वाफ उठली.

कोपऱ्यातला राहिलेला कापूसही त्यांनी चाचपून पाहिला. जिथे हाताला जरा कोमट लागला, तिथला सगळा बाहेर काढून पसरला. तळाशी जळकी तार सापडली. दोन तुकडे पिळून जोडलेले, आणि त्यावर चिकटपट्टीच्या जागी बियाण्याच्या पिशवीचं प्लास्टिक गुंडाळलेलं. ते वितळून पार गेलं होतं.

मामा ती तार हातात घेऊन उंबऱ्यावर बसले.

"हा जोड मीच दिला होता," ते म्हणाले. "गफ्फारभाई, तुमचाही माल होता आत. तोंड दाखवायला जागा राहिली नसती मला."

"राहिला ना माल, गुलाबराव!" गफ्फारचाचांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "पोरांनी वाचवला."

मामांनी मान वर केली. "पण तुम्हाला नेमका हाच कोपरा कसा कळला रे?"

शाकिर महनूरच्या मागे लपला. हर्षल पुढे झाला.

"मामा, आम्ही कापसात उड्या मारत होतो. रोज. या कोपऱ्यात उडी मारली की लाइट जात होती. आजच समजलं. तुमची मॅचसुद्धा आम्हीच घालवली. फक्त मला पाठवा मलकापूरला. काजलला राहू द्या."

मामा उठले. हर्षलने डोळे घट्ट मिटून घेतले. आणि मामांनी त्याला असं घट्ट जवळ ओढलं की त्याचा श्वासच अडकला!

"कोणी कुठं जाणार नाही," मामा म्हणाले. "उड्या मारल्या ते चुकलंच. पण सांगायला छाती लागते. मला ही पोरगी सकाळपासून सांगून राह्यली होती, आणि मी तिला अभ्यास कर म्हणालो!"

"तो तर मी करतेच, चाचा," महनूर म्हणाली, आणि सगळ्यांनाच हसू फुटलं. मामी तर हसता हसता रडायलाच लागल्या.

त्या दिवशी मेनचा दांडा वर गेलाच नाही. सकाळी वायरमन आले. त्यांनी डायरेक्टची तार काढली, मेनमध्ये योग्य फ्यूज घातला आणि कापसाच्या खोलीतली सगळी लाइनच तोडली. गोठ्याला बाहेरच्या भिंतीवरून पाइपातून नवी अखंड तार नेली. रॉडसाठी वेगळी जाड तार आणि वेगळा एमसीबी बसवला. अंगाला शॉक बसला तर क्षणात वीज तोडणारं आणखी एक यंत्रही लावलं.

"एमसीबी पडला की आधी कारण शोधायचं, मग वर करायचा," वायरमन म्हणाले. "आणि वारंवार पडला तर मला बोलवायचं. मोठ्या अँपिअरचा आणून लावायचा नाही. तार बारीक ती बारीकच राहते."

"हे सगळं महनूर कालच म्हणाली होती," शाकिरने सांगून टाकलं.

पण मामांचं समाधान होईना. गल्लीत जवळजवळ प्रत्येक घरात कापूस भरलेला होता. त्यांनी ती जळकी तार खिशात घातली, चौघा पोरांना बरोबर घेतलं आणि घरोघरी फिरायला लागले. प्रत्येक दारात तार दाखवून ते म्हणत, "हा माझा शहाणपणा बघा! तुमच्या कापसाखाली असं काही आहे का?"

दोन घरांत तसंच निघालं! एका घरात तर होल्डरमधून काढलेली तार कापसाच्या ढिगावरूनच गेलेली. घरच्यांनी तिथल्या तिथे मेन बंद करून वायरमनला बोलावलं.

शेवटचं घर मनकर्णाबाईंचं. त्या एकट्याच राहत. मामा बोर्डाकडे वळले, तशी म्हातारीने काठी आडवी केली.

"तू नको रे गुलाब. तुझं काम समजलं गावाले! त्या पोरीले पाहू दे."

"मी हात नाही लावणार, आजी," महनूर म्हणाली. "फक्त पाहते आणि सांगते. काम वायरमनच करतील."

"हाव, हाव. तू पाह्य अन् सांग. तुझ्यासारखी लेक गावात आहे म्हणून आम्ही आज धड आहोत."

महनूरने वर पाहिलं. बोर्ड बराच उंच होता. मामांनी कोपऱ्यातलं डगमगतं स्टूल ओढून आणलं, तिला चढायला हात दिला आणि ती खाली उतरेपर्यंत ते दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे राहिले.