सहावा आकडा

"सांगतो. पण मधे कोणी उठायचं नाही, आणि अगदी गप्पही बसायचं नाही. हुं म्हणत राहा," रेडिओकाका म्हणाले. आयुष्यभर रेडिओ आणि अॅम्प्लिफायर दुरुस्त केले, म्हणून हे नाव. गच्चीवर भाचे-पुतणे मिळून पाच जण दाटीवाटीने बसले होते.

"खरी आहे का, काका?"

"पोरगा अजून येतो माझ्याकडे. विचार त्याला. सांगणार नाही, पण विचार."

गेल्या अकरा नोव्हेंबरची गोष्ट. मंगळवार होता. संध्याकाळी सहाला धाकटा एक जुना रिसीव्हर विकत घ्यायला निघाला. धाकटा म्हणजे दादाचा धाकटा भाऊ. गल्लीत त्याला दुसरं नाव नव्हतं. शाळा सातवीत सोडलेली. डोकं तापट, मन लोण्यासारखं. दादाला जाऊन बेचाळीस दिवस झाले होते.

दादा ताडमाड उंच, कार्यक्रमांना स्पीकर लावायचा. घरातल्या आतल्या खोलीत त्याने स्वतःसाठी पाच स्पीकर बसवले होते. भिंतींना फोम, खिडकी बुजवलेली. आतला आवाज बाहेर जात नव्हता आणि फोनला रेंज येत नव्हती. स्पीकरना आवाज पुरवणारा रिसीव्हर मात्र जळाला होता. काकांनी तो उघडला, आत पाहिलं आणि झाकण परत लावलं. "हा गेला रे." पोरगा तिथेच, दुकानात, हमसून हमसून रडला.

कारण वेगळं होतं. त्याच्या फोनवर दादाचा शेवटचा निरोप होता. नऊ सेकंदांचा. त्या रात्री दादा किल्ली विसरला होता, वहिनी रात्रपाळीला, आणि धाकटा फोन मुका करून झोपलेला. "अरे, झोपलास का? दार उघड की. मी बाहेर उभा आहे." थोडा वेळ वाट पाहून दादा मित्राकडे झोपायला निघाला. वाटेत ट्रक आला.

फोनवर तो आवाज डब्यातून आल्यासारखा वाटायचा. धाकट्याला तो दादाच्याच स्पीकरवर ऐकायचा होता. समोर उभा राहून बोलल्यासारखा. एकदाच.

रिसीव्हर विकणारा एक म्हातारा होता, एकटाच राहणारा. घरात शिरताच धाकटा चक्रावला. प्रत्येक खोलीत एक रेडिओ लावलेला. न्हाणीघरातसुद्धा.

"आजोबा, एवढे रेडिओ?"

"सोबत लागते रे."

"गॅरंटी काय या रिसीव्हरची?"

"माझीच नाही, याची कुठून देऊ?" म्हातारा हसला. मग डब्यातला छोटा माइक त्याने बोटाने आत ढकलला. "हा वापरू नकोस. स्पीकरची अंतरं पट्टीने मोज आणि हाताने भर."

"का?"

"माइक लावला की हे यंत्र शांतता मागतं. आपण ती करून देऊ नये."

धाकट्याने मान हलवली. ऐकणाऱ्यातला तो नव्हताच. शिवाय दादाची शिस्त त्याला पाठ होती: आधी माइक खुर्चीवर ठेवायचा, खोलीत चिडीचूप, मग यंत्र प्रत्येक स्पीकरमधून एक आवाज सोडतं आणि तो किती लांब आहे ते मोजतं. ते झाल्याशिवाय दादा गाणं लावायचा नाही.

वहिनी रात्री नऊला कामावर गेली; आल्यावर कोणाला उठवायला नको म्हणून हल्ली ती बाहेरून कुलूप लावून जायची. जाताना म्हणाली, "भावोजी, जेवून घ्या. त्या डब्ब्यापाशी बसून राहू नका."

"हो वहिनी."

जेवला नाही. तारा जोडता जोडता साडेबारा झाले. माइक खुर्चीवर ठेवून तो शेजारी जमिनीवर बसला. बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली: खोलीत आवाज आहे.

पंखा बंद केला. दार ओढून घेतलं. दाराखाली टॉवेल कोंबला. पुन्हा तेच: खोलीत आवाज आहे. त्याने श्वास रोखला.

आता मोजणी सुरू झाली. समोर डावीकडून आवाज, मधून, उजवीकडून, मग मागचे दोन. पाच स्पीकर, पाच आकडे.

खाली सहावा आकडा होता. मागे, ४.२ मीटर.

धाकटा हसला. खुर्चीपासून मागची भिंतच मुळी तीन मीटरवर. म्हाताऱ्याच्या घरचा जुना आकडा शिल्लक राहिला असेल. सगळं पुसलं, परत मोजलं.

सहावा: २.९.

म्हणजे आता खोलीच्या आत.

तिसऱ्यांदा बटण त्याने दाबलंच नाही. मोजणी आपोआप सुरू झाली. पाच आवाज झाले. सहाव्या पाळीला काहीच वाजलं नाही. तरी आकडा आला.

१.६.

त्याने मागे पाहिलं. फोम. भिंत. काही नाही.

दाराकडे धावला. मूठ जोरात पिळली. मूठ हातात आली. तिची दांडी पलीकडे पडली. खण्ण... एवढंच ऐकू आलं.

दारावर लाथा घातल्या. "वहिनी!" फोमने आवाज गिळला. तशीही घरात वहिनी नव्हतीच.

०.७.

त्याने प्लग उपटला. पडदा काळा झाला. बल्ब चालू होता. आणि मग त्याला आपली चूक कळली. आकडा होता तोवर ते कुठे आहे हे कळत तरी होतं.

आता...

शांतता.

मानेवर गार काहीतरी. श्वास नव्हे. श्वास गरम असतो.

त्याने फोन काढला. आवाज हवा होता, कसलाही. बोट आपसूक त्या निरोपावर गेलं. "अरे, झोपलास का? दार उघड की..."

मानेवरचं गार सरकलं. मागे गेलं.

निरोप संपला. ते पुन्हा पुढे आलं.

पुन्हा लावला. पुन्हा. दार उघड की. मी बाहेर उभा आहे. दार उघड की. ज्या दादाला त्याने दार उघडलं नाही, तोच रात्रभर दार उघड म्हणत होता. आणि दार उघडत नव्हतं.

तीन चाळीसला फोन बंद पडला.

...

"पुढे, काका?"

"हुं म्हणा आधी."

"हुं."

मग तो स्वतः बोलायला लागला. दुसरं काही सुचेना. त्या रात्री द्यायचं राहून गेलेलं उत्तर. "जागा आहे दादा. उघडतो. थांब हं, जाऊ नकोस. उघडतो." कपाळ दाराला टेकवून. घसा फाटेपर्यंत. थांबला की मानेला गार लागायचं. थांबला नाही.

सहा वीसला कोणीतरी बाहेर पडलेली दांडी भोकात घालून फिरवली. दार उघडलं. वहिनी. तिच्या कमरेला घराची एकुलती किल्ली, बाहेरचं कुलूप तिनेच आत्ता काढलेलं. धाकटा तिच्या पायाशी कोसळला. बोलायला तोंड उघडलं, तर आवाज गेलेला.

वहिनी त्याच्याकडे बघत नव्हती. ती दाराची बाहेरची बाजू बघत होती.

तिथे ऑइलपेंटवर एक कान उमटला होता. पाळी, आतली वळणं, सगळं स्वच्छ. कोणी रात्रभर दाराला कान लावून उभं राहावं तसा.

"मग काका, आत कोण..."

पाचही जण हुं म्हणायचं विसरले.

वहिनीने हातातली पिशवी खाली ठेवली. दारापाशी गेली. टाचा उंचावल्या, जमेल तेवढ्या. तरी तिचा कान त्या कानाच्या वीतभर खालीच राहिला.