लताबाईच्या पाठीचे दोन टक्के

मेहरूणची संघमित्रा भुताखेतांना भ्यायची नाही. तिच्या वडिलांनी, संघपालभाऊंनी, तिला तसं वाढवलंच नव्हतं. ती भ्यायची ती जळीत वॉर्डाला, आणि तो नेमका तिच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर. खाली दवाखान्याच्या रेकॉर्डच्या खोलीत बसून पेशंटच्या फाइली वाचायच्या आणि दुखण्याचा कोड कॉम्प्युटरवर टाकायचा, हे तिचं काम. कुठं भाजलं, किती भाजलं, कशानं भाजलं, सगळ्याला आकडे. सात वर्षांत शेकडो जळालेली माणसं तिनं आकड्यांत बसवली, पण जिना चढून एकाचंही तोंड पाहिलं नाही. वास सहन होत नाही, असं ती सांगायची. खरं म्हणजे हिंमत होत नव्हती.

पण मे महिन्यातल्या त्या दुपारी लताबाईची फाइल उपचाराचा खर्च देणाऱ्या सरकारी योजनेच्या ऑफिसातून परत आली. लताबाई चोपड्याकडची, चाळिशीची बाई. भाव येईल म्हणून घराच्या पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत भरलेल्या कापसानं पेट घेतला आणि ती त्यात सापडली. हातपाय मिळून बावीस टक्के, पाठ सोळा टक्के, असं डॉक्टरांनी लिहिलं होतं. शेजारी माणसाचं चित्र असतं, त्यात भाजलेला भाग रंगवायचा. तिथं मात्र पाठ अख्खी काळी केलेली. अख्खी पाठ म्हणजे अठरा टक्के. मग सोळा की अठरा? योजनेवाल्यांनी तेवढंच विचारलं होतं. सोळा धरले तर एकूण अडतीस, अठरा धरले तर चाळीस, आणि चाळीस टक्क्यांना कोड बदलतो. चारच्या आत खुलासा नाही तर मंजुरी नाही, मंजुरी नाही तर उद्या सकाळचं कातडी लावायचं ऑपरेशन नाही. जखमेत पू धरायला लागला होता. ऑपरेशन लांबलं तर बाई हाती लागणार नाही, असं फाइलमध्येच स्वच्छ लिहिलेलं.

डॉक्टर दुसऱ्या ऑपरेशनात अडकलेले, फोन उचलेनात. तीन वाजून गेले. मग काय, गेली बिचारी नाकाला ओढणी लावून जिना चढून.

वॉर्डात धुरपदाबाई होत्या. तीस वर्षं ड्रेसिंग करणाऱ्या, सगळ्यांच्या मावशी. पडदे ओढलेले, औषधाचा आणि त्याखाली आणखी कसला तरी गोडसर वास. लताबाई पालथी निजली होती. दाराबाहेर बाकावर तिचा नवरा जितेंद्र गुडघ्यांत डोकं घालून बसला होता.

"विचारायला कोणीतरी येणार, हे मला ठाऊकच होतं," मावशी हलक्या आवाजात म्हणाल्या. "बघ तूच..."

त्यांनी पाठीवरची जाळी अलगद उचलली. पाठ सगळी लाल, ओली. आणि मधोमध, दोन खांद्यांच्या खाली, साध्या सावळ्या कातडीचे दोन तुकडे, जराही न भाजलेले. दोन हात होते ते. पाच-पाच बोटं, अंगठे एकमेकांकडे वळलेले.

पेशंटचा स्वतःचा तळहात म्हणजे त्याच्या अंगाचा एक टक्का, असा जळिताचा हिशेब असतो. पेशंट आल्या दिवशीच त्याचा तळहात जुन्या एक्स-रे फिल्मवर आखून कापून ठेवायचा, ही मावशींची जुनी पद्धत. लताबाईच्या मापाची फिल्म त्यांनी डाव्या ठशावर धरून सोडली. ठशाची बोटं जराशी लांब होती, पण मापाला एक म्हणजे एक. मग उजव्यावर. तोही एक. अठरातून दोन गेले, सोळा राहिले. डॉक्टरांचा आकडा बरोबरच होता, फक्त चित्रात ते हात काढायला त्यांचा हात धजला नव्हता.

संघमित्राला दिसलं ते निराळंच. फिल्म कातडीला टेकतच नव्हती. बोटभर वर, अधांतरी राहिली होती. उन्हानं वाकली असेल, असं तिनं मनाला समजावलं आणि एका बोटानं फिल्म दाबून पाहिली. ती खाली जाईना. मावशींनी फिल्म उचलून घेतली.

आता संघमित्राला वेगळीच शंका आली. कोणीतरी मागून ढकललं होतं, एवढं खरं. पण आत की बाहेर? कशानं भाजलं याचाही कोड असतो, आणि तो तिलाच टाकायचा होता. बाकावरच्या नवऱ्याकडे तिची नजर गेली. ती लताबाईच्या कानाशी वाकली.

"लताबाई... तुम्हाला कोणी ढकललं?"

"भाहेर ढकलं, ताई..." लताबाईचे ओठ कसेबसे हलले. "मन्ही सासूनी. त्या तिनाच हात शेतस..."

पुढचं जितेंद्रनं सांगितलं, दारात उभं राहून, खाली बघत. त्याची आई आक्काबाई सहा वर्षं लुळी पडून होती. तिला भरवणं, न्हाऊ घालणं, कूस बदलणं, बठ्ठं लताबाईनंच केलं. आग लागली तेव्हा लताबाई अंगणात होती, सुखरूप. आईला काढते म्हणत ती धुरातून थेट मागच्या खोलीत पळाली.

"पण ताई," तो म्हणाला, "आईला जाऊन सव्वा महिना झाला होता. खाट रिकामी होती. सहा वर्षांची सवय... ही विसरूनच गेली."

संघमित्रा खाली आली. पाठ सोळा, एकूण अडतीस, कारण अपघात, असं लिहून पावणेचारला पाठवलं. पाचाच्या आत मंजुरी आली आणि ती टेबलावर डोकं ठेवून रडली. कुणाचे तरी पाय धरावेत, असं तिला फार फार वाटलं. ऑपरेशन होणार, बाई वाचणार. पण पाय धरायचे कुणाचे?

ती पुन्हा वर गेली. या वेळी ओढणी नाकाला लावली नाही. ऑपरेशन होणार म्हणून लताबाईला सांगितलं, तशी तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ती पुटपुटली, "तिले बी सांगा ना, ताई... सोड म्हना आते. थकी गई व्हई ती..."

भुतंखेतं न मानणारे वडील काय म्हणतील, हे संघमित्राच्या मनात आलं आणि गेलं. खाटेच्या वरच्या रिकाम्या जागेला तिनं हात जोडले.

"आक्का, फार उपकार झाले तुमचे. आता आम्ही आहोत. सोडा तुम्ही."

मावशींनी पुन्हा फिल्म घेतली. डाव्या ठशावर ठेवली. ती सावकाश खाली गेली आणि कातडीला टेकली. दोघींनी श्वास सोडला.

मग उजव्यावर ठेवली. ती तशीच बोटभर वर राहिली. लताबाईला तेवढ्यात गाढ झोप लागली होती. फिल्म मात्र तिच्या श्वासाबरोबर हलत नव्हती. थोपटल्यासारखी, अगदी हळू, वरखाली होत होती.