बरणीतली ओली माती

फोन आला तेव्हा मी विहिरीच्या खालच्या पायरीवर बसून गाळणीनं बेडकाची पिल्लं धरत होतो. मेव्हणा विश्वजित दवाखान्यातून बोलत होता.

"दाजी... आक्का गेली."

माझ्या बायकोनं, संयोगितानंच मला सकाळी गडमुडशिंगीला घरी परत पाठवलं होतं. "माझ्या उशाला बसून काय करणार? बरणीतल्या अळीला खायला घाला जावा."

ती मला पहिल्यांदा याच पायरीवर दिसली होती. मी मोटर लावायला आलो होतो. ती ओढणी खोचून, कोपरापर्यंत हात पाण्यात घालून बसली होती.

"ओ पावणं, हितं मासं न्हाईत."

"मासं कुणाला पायजेत? मोटर लावू नका, पाणी ढवळतंय."

"विहीर माझी हाय."

"असू दे की. घडीभर माझी."

ती कुरुंदवाडची, पाण्यातल्या किड्यांचा अभ्यास करणारी. तिनं जाळीतला चिंचोक्याएवढा काळा भुंगा दाखवला आणि सोडला. त्यानं बूड पाण्याबाहेर काढून हवा घेतली, बुडी मारली.

"पाणभुंगा. ह्या जातीकडं कुणी बघितलंच न्हाय. नाव बी न्हाय त्याला."

"गरीब दिसतोय."

"गरीब? माशाची पिल्लं फाडून खातोय!"

ती हसली... आणि मी मोटर लावायची विसरलो.

मग रविवारी ती यायची म्हणून मी मोटर बंदच ठेवू लागलो.

"ऊस वाळंल की तुमचा."

"वाळू दे."

तिनं माझ्याकडे बघितलं... मग पाण्याकडे. "सरळ आमच्या घरात मागणी घाला की. उसाला कशाला मारताय?"

लग्नानंतर लोणच्याच्या काचेच्या बरण्या तिनं घेतल्या. त्या भुंग्याच्या अळ्या एकमेकींना खातात, म्हणून एका बरणीत एकच. बरणी आडवी ठेवून आत थोडं पाणी, कडेला ओली माती. अळी मातीत शिरते आणि भुंगा होऊन बाहेर येते, असं ती सांगायची. आमच्या सगळ्या आधीच मरायच्या.

"एक तरी भुंगा होऊ दे, मग नाव सांगते. ठरवलंय मी."

"आत्ता सांग की."

"न्हाय. आधी पोर, मग बारसं."

तिला अग्नी देऊन घरी आलो, तर उरलेली एकच अळी पाण्यात नव्हती. मातीला बारीक भोक पडलं होतं.

मी माती ओली ठेवतो. उकरत नाही, ती नको म्हणायची. अजून काही वर आलेलं नाही. आलं तरी तिनं ठरवलेलं नाव मला माहीत नाही.

भुंग्याचं नाव ठेवायचं राहिलं आहे.