गुळाच्या दुकानातली अफू

सकाळीच अनुसूया त्रिविक्रमच्या घरी आली. रडून तिचे डोळे सुजले होते.

"अण्णा, काल पोलिसांनी ह्यांना धरून नेलं. खिशात अफू सापडली. हे अफू विकतात म्हणे! खातात, हे मला ठाऊक आहे. पण विकणार नाहीत."

१९५८ साल होतं. खाजगी तपास करणारा त्रिविक्रम कन्नड मुलखातल्या ह्या चामराजपेटेतच लहानाचा मोठा झाला होता. त्याचा मित्र प्राणेश याने कॉफी पुढे केली.

"साखर स्वल्प जास्त पडलीय, अक्का."

"असू दे. ह्यांच्या मधुमेहापायी आमच्या घरात साखर-गूळ येतच नाही."

"विद्याधर संध्याकाळी कुठे जातात?" त्रिविक्रमने तिच्या नवऱ्याबद्दल विचारलं.

"रघुजी शिंप्याकडे आणि भगवंतरावांच्या गुळाच्या दुकानात. पूर्वी वैद्य भीमाचार्यांकडेही जायचे."

भीमाचार्य सरळ म्हणाले, "गुडघेदुखीवर अफू मागत होता. मी तेल दिलं. पुन्हा फिरकला नाही."

रघुजीने मशीन थांबवलं नाही. "रोज गप्पा मारायला येतो. हातात भगवंतरावांकडची पुडी असते."

भगवंतरावांच्या दुकानात गुळाच्या ढेपांवर माश्या घोंघावत होत्या. हैराण झालेला प्राणेश मागच्या फळीवरच्या काळपट ढेपांपाशी जाऊन उभा राहिला.

"इथं बरं आहे," तो म्हणाला.

"पुढं या हो, तिथं अडचण आहे," भगवंतराव घाईने म्हणाले. "विद्याधर ना? भला माणूस. बायकोला पुरणाला लागतो म्हणून गूळ नेतो."

तासाभराने त्रिविक्रम इन्स्पेक्टर नरसिंहरावांना घेऊन त्याच दुकानात परतला.

"खाणाऱ्यांना पकडून माझी कोठडी भरली," नरसिंहराव कुरकुरले, "तरी अफूपायी होणाऱ्या पेठेतल्या चोऱ्या थांबत नाहीत."

"कारण विकणारा इथं बसलाय. विद्याधरच्या घरात गूळ येत नाही, मग ह्यांनी दिलेल्या पुडीत काय होतं? साऱ्या दुकानात माश्या, पण त्या मागच्या ढेपांवर एकही नाही. प्राणेश तिथं सुखाने उभा होता."

"मला वाटलं, वारा येतोय," प्राणेश पुटपुटला.

त्रिविक्रमने एक ढेप फोडली. वर गुळाचा रंग, आत चिकट, उग्र वासाची अफू. नरसिंहरावांनी भगवंतरावांचं मनगट धरलं.

"सरी, ठीक आहे," नरसिंहराव म्हणाले. "विद्याधरचं काय करू?"

"साक्ष घ्या आणि इस्पितळात पाठवा. खाणाऱ्याला कोठडीत टाकलंत, तर विकणाऱ्याचं नाव त्याच्या घरचे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत. अनुसूयाअक्कासुद्धा माझ्याकडे आल्या, तुमच्याकडे नाही."

नरसिंहरावांनी विद्याधरला इस्पितळात नेण्याचा हुकूम दिला. अनुसूया त्याच्याबरोबर गेली.

पुढच्या आठवड्यात पोलीस ठाण्याच्या दारात एक म्हातारी घुटमळत होती. कृष्णाबाई तिचं नाव.

"साहेब, माझा मुलगाही अफू खातो. कोण देतो ते सांगते. पण त्याला बेड्या घालणार नाही ना?"

नरसिंहरावांनी उठून स्वतःची खुर्ची पुढे ओढली.

"बसा, अक्का. आधी पाणी प्या."