आखूडपंखी

"मंडळ खोटं बोलतंय, आन् शिक्का मारून बोलतंय!"

सारजाबाईनं सरकारच्या वाण-संरक्षण मंडळाच्या नाक्यावर उभ्याउभ्याच तोंड सोडलं. तिच्या नयनला बंदरावरच्या इस्पितळात नोकरी लागली होती. पण नाक्यावरच्या यंत्रानं पोरीची थुंकी चाखली आणि दांडी खाली टाकली. पडद्यावर शब्द उमटला : 'आखूडपंखी'. त्याखाली सुचवलेलं स्थळ : तिच्या सख्ख्या चुलत्याचा मुलगा.

"भाऊ की रं तो तिचा!" सारजा यंत्रावरच खेकसली.

हा शब्द मुळात वटवाघळांचा. तो काढला वटवाघळांचा अभ्यास करणाऱ्या डॉ. अनघा देवस्थळींनी. खोऱ्यातल्या गुहेपाशी त्या जाळं लावून बसल्या होत्या. सारजा तडक तिथं गेली.

डॉक्टरीणबाईंनी हातातल्या वटवाघळाचा पंख उलगडून दाखवला. "सारजाताई, पंख लांब, निमुळता असला की हे दूरवर उडतं. गुहेगुहेत सोयरीक होते, रक्त मिसळतं. पंख आखूड, रुंद असला की झाडीत झकास वळतं, पण लांब जात नाही. मग एकेका गुहेचं रक्त वेगळं पडत जातं. ते गेलं की कायमचं गेलं. म्हणून अशा गुहांना हात लावायचा नाही, असा कायदा आम्ही करून घेतला."

"ब्येस केलंत. माझी पोर कंच्या गुहेतली?"

बाईंनी वटवाघळाचा पंख मिटला.

मंडळानं आरोग्य शिबिरं भरवून गावोगावची थुंकी गोळा केली होती. सारजाला तेव्हाच वास आला होता. फुकट गोळ्या वाटणारा माणूस थुंकी कशाला मागतो? आता कळलं. थुंकीवरून ज्या वस्तीचं रक्त शेजारच्या गावांशी जुळलं नाही, ती आखूडपंखी. तिला लांब जायची उपजत ओढ नाही, बाहेर गेली तर दुर्मीळ वाण बुडेल. सबब तिनं जागेवरच राहावं, आपसातच सोयरीक करावी. याला म्हणे संरक्षण!

"आम्ही पंख मोजून मग रक्त तपासलं होतं," बाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "मंडळानं नुसतं रक्त पाहिलं आणि पंख आखूड ठरवले. पंखांवरून रक्ताचा अंदाज बांधता येतो. उलटं नाही."

"मग बोलला का न्हाई?"

"बोलले असते तर गुहांचा कायदाही गुंडाळला असता त्यांनी."

"म्हंजे वाघळं वाचली आन् माणसं कोंडली."

सारजा खडकावर बसली. तिचा आवाज एकदम उतरला, आणि बाईंना तोच जास्त झोंबला.

"माझ्या आज्जीचं वऱ्हाड नदीपल्याडच्या वेशीवरनं धोंडे मारून परत लावलं. त्यांच्या विहिरीला आमची घागर चालत नव्हती, तिथं आमची पोर कोण घेणार? उडलो की आमी. उतरू कुणी दिलं न्हाई. पंख तुमच्या मंडळानं ठरवले, बाई. त्या गावांची बंद दारं कुणी मोजली? खाली काय बघता? सांगा!"