पाटाच्या पुलावरची भिंत

शेकोटी जरा उसका रे. आणि ते मोबाइल खिशात घाला, गोष्ट त्यांचीच आहे.

आपल्या कळसाडीचा ललित तुम्ही पाहिलाय. पुण्यात ऑनलाइन गेम बनवतो. तुम्हाला वाटतं, डिसेंबरात ही पोरं गोव्याला जाऊन मजा मारत असतील. कसली मजा! जगाला सुट्टी लागली की खेळणारे दुप्पट होतात. मग गेम बिघडू नये म्हणून कंपनी दोन जानेवारीपर्यंत कुणाला त्यात हात लावू देत नाही. आहे तसा चालू ठेवायचा आणि एकानं पहाऱ्यावर बसायचं.

दोन हजार तेवीसचा पंचवीस डिसेंबर. दुसऱ्या दिवशी दत्तजयंती, अर्धं गाव सारंगखेड्याला गेलेलं. शेताची वीज त्या आठवड्यात रात्रीची होती. नऊच्या सुमाराला सुट्टीवर गावी आलेला ललित मोटारसायकल काढून उसाला पाणी लावायला गेला. मोटर सुरू केली, पाणी सरीत धरलं आणि परत फिरला.

पाटाच्या पुलावर गाडी अडली. इंजिन चालू, चाक फिरतंय, गाडी पुढं जात नाही. तो उतरून पायी निघाला तर छातीला काहीतरी लागलं. हात पुढं केला. गार... सपाट. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. चांदण्यात पलीकडचा रस्ता स्वच्छ दिसत होता.

मग त्याच्या लक्षात आलं. ही भिंत त्यानंच घातली होती. गेममध्ये त्यानं आपलंच शिवार उतरवलं होतं, आणि खेळणारे बाहेर जाऊ नयेत म्हणून याच पुलावर न दिसणारी भिंत उभी केली होती. आत एक म्हातारा ठेवला होता. चेहरा वारलेल्या नवनीतकाकांचा. आवाजही त्यांचाच, जुन्या मोबाइलमधून काढलेला. मायेनंच केलं होतं पोरानं. पण तो म्हातारा रात्रंदिवस बांधावर फिरायचा आणि भेटेल त्याला एकच सांगायचा.

मागं उसात पाचट वाजलं आणि काकांचा आवाज आला.

"चाल रे भाऊ, घर जाऊ."

ललितनं मागं पाहिलं नाही. त्या रात्री पहाऱ्यावर शहाद्याचा इरफान होता, त्याला फोन लावला.

"इरफान, पूलवरनी भिंत काढ."

"येडा व्हयना का? दोन तारीखलोंग हात लावता येत नही. मन्ही नोकरी जाई."

"काढ..."

"व्हयनं काय?"

आवाज आता खांद्यापाशी होता.

"चाल रे भाऊ, घर जाऊ."

इरफाननंही तो ऐकला.

"तू गेम खेळी ऱ्हायना का?"

"नही..."

मग फोनमधून बटणं वाजली.

भिंतीला टेकलेला ललित एकदम पुढं पडला. त्याच्या बाजूनं कुणीतरी गेलं. घाईनं. थांबलं नाही.

सकाळी इरफाननं सगळा गेम धुंडाळला. शिवार होतं, ऊस होता. काका नव्हते. त्यांना कुणी काढलं नव्हतं.

इकडं नवनीतकाकांच्या बायकोनं, रुक्मिणीबाईनं, पहाटे दार उघडलं. उंबऱ्यावर हिरव्या हरभऱ्याची जुडी ठेवलेली. काकू कितीतरी वेळ तिच्याकडं बघत बसली.

"त्या कधी खाली हात घर नही उनात," एवढंच म्हणाली. काका कधी रिकाम्या हातानं घरी आले नव्हते.

मी स्वतः ती जुडी हातात घेतली आहे. मुळांची माती ओली होती. आणि त्या साली आपल्या शिवारात हरभरा कुणीच पेरला नव्हता.