विपुलच्या नावाचं पाणी

टिंग...

भर दुपारी, निजलेल्या घरात, देव्हाऱ्यापुढचा पेला वाजला. कुणी पाणी पिऊन खाली ठेवावा, तसा.

पटो न पटो, हे घडलंय. निशा माझी सख्खी मावसबहीण, बुरहानपूरला शनवारा भागात दिलेली. यंदाच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिच्याच घरात झालं.

तिचे मोठे दीर भाईदास. बायकोपोरासह अमेरिकेत गेले, तिथलेच झाले. त्यांचा विपुल तिथल्या फौजेत शिरला आणि गेल्या साली वाळवंटातल्या लढाईत मेला. ऐन बाविशीत.

फोनवर निशाला म्हणायचा, "काकू, इथं पाणीबी गरम. तुमच्या माठातलं प्यायला येतो बघ."

आखाजीला आमच्याकडे घरातल्या गेलेल्यांच्या नावानं घागर भरतात. उन्हात त्यांना तहान लागते म्हणून.

निशाच्या सासूबाईंनी, भागाबाईंनी, फक्त सासऱ्यांची भरली.

"आणि विपुलची?" निशानं विचारलं.

"त्यांच्या झेंड्यात गुंडाळलं ना त्याला? मग पाणीबी तेच पाजतील."

"नातू आहे तुमचा, आई."

"लेक नेला माझा त्या देशानं. आता पाणी मागायला मी बरी आठवते."

निशाला राहवेना. दुसरी घागर घरात नव्हती. सासूबाई आडव्या झाल्यावर तिनं हाताला लागला तो पेला भरला, विपुलचं नाव घेतलं आणि देव्हाऱ्यापुढच्या घागरीशेजारी ठेवला.

ती वळली, आणि तो वाजला.

पेला रिकामा... खाली फरशी कोरडी.

तिनं पुन्हा भरला. पाठ फिरवली...

टिंग.

तिसऱ्यांदा भरताना तिचं बोट पेल्यावरच्या कोरलेल्या अक्षरांवरून फिरलं.

मोहित.

तिच्या चार वर्षांच्या लेकाचा पेला. बारशात आलेला.

तिनं तो तसाच माळ्यावर फेकला.

त्या संध्याकाळपासून मोहित पाणी मागतोय. तांब्यावर तांब्या पितो... ओठ कोरडेच. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट सगळे नॉर्मल.

निशानं रडत सासूबाईंना सांगितलं. त्या सुपारी कातरत राहिल्या.

"जित्याच्या भांड्यात मेलेल्याला पाजलंस. आता दोघांतला एक तहानलेला राहणारच."

परवा ती मोहितच्या ओठांना लोणी लावत होती. माळ्यावर काहीतरी वाजलं...

टिंग.

मोहित वर बघून हसला. ज्याला कधी पाहिलं नाही, त्याच्याकडे बघून हसावं तसा नाही. ओळखीचं.

"मम्मी, विपुलदादाचं पिऊन झालं. माझ्या नावाची घागर कधी भरशील?"